फोनांची खंडेनवमी

३ ऑगस्ट, रविवार

समोरच्या मिश्राजींकडे चोरी झाली. मंडळी नातवाच्या वाढदिवसाला इंदूरला गेली होती. चोरांनी टीव्ही नेला, सिलिंडर नेलं आणि न्हाणीघरातले नळसुद्धा नेले. नळ पाना लावून नीट सोडवले होते, आटे अजिबात खराब न करता. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात जन्मभर मेंटेनन्स पाहिलेल्या माणसाला एवढं मान्य करावंच लागतं की कारागीर हुशार होते. हे मी मिश्राजींच्या तोंडावर म्हणालो, तेव्हा बायकोने, सुमित्राने, मला कोपराने ढोसलं.

बातमी पुण्याला पोचायला किती वेळ लागणार? दुपारी जुईचा फोन आला. "बाबा, यार, आता बस झालं. कोटऱ्यातलं घर काढा विकायला आणि इकडे या. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा आहे. खाली वॉचमन, गेटवर कॅमेरे."

मी म्हणालो, कॅमेरे काय, मीही लावीन. त्यावरून वाद वाढला आणि शेवटी बापलेकीत पैज ठरली. दिवाळीपर्यंत ह्या घरात कोणीही नकळत शिरलं नाही तर ती पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. शिरलं, तर दिवाळी झाल्यावर घर विकायचं. मी लगेच कबूल झालो. हे घर मी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. एकेका भिंतीला मी पाणी मारलंय. ते सोडून चौथ्या मजल्यावर जाऊन बसायचं म्हणजे मला पेटीत घालून ठेवल्यासारखं होईल.

सुमित्रा शेजारीच बसून ऐकत होती. ताटातले तांदूळ बोटांनी चाचपत निवडत होती. तिला पुण्याची ओढ असेल का? लेक तिथे आहे. असेलही.

६ ऑगस्ट, बुधवार

कॅमेरे विकत आणायचे नाहीत असं ठरवलंय. चालू वस्तू घरात पडलेली असताना नवी आणणं हा माझ्या मते गुन्हा आहे. शोकेसचा खालचा खण उपसला आणि पाच जुने फोन निघाले. एक मला निवृत्तीच्या वेळी कंपनीने दिलेला. दोन सुमित्राचे, त्यातला एक वरणात पडलेला. एक माझ्या मेहुण्याने, ओंकारने, "भाऊजी, फेकून द्या" म्हणून दिलेला. आणि एक जुईचा, कॉलेजातला, काच तडकलेला. चार फोन लगेच सुरू झाले. वरणवाल्याने संध्याकाळपर्यंत मान हलवली नाही, पण शेवटी तोही जागा झाला.

आठ वाजता जुईचा फोन टेबलावर एकदम वाजायला लागला. मला वाटलं कॉल आला. बघतो तर अलार्म होता, आणि त्यावर लिहिलं होतं, 'घरी फोन करणे'. हॉस्टेलमध्ये असताना लावलेला असणार. तेव्हा रोज आठला तिचा फोन यायचा, आणि मी सुमित्राला ऐटीत सांगायचो, पोरगी शिस्तीत माझ्यावर गेली आहे.

अलार्म काढला नाही. राहिला तर काही बिघडत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

पाचही फोन जागेवर बसले. पीव्हीसी पाइप कापून स्टँड केले आणि पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर बिस्किटांच्या डब्यांची झाकणं लावली. जुईचा फोन फाटकावर, कंपनीचा मागच्या अंगणात, ओंकारचा गच्चीच्या जिन्यात, सुमित्राचा दुसरा, वरणात न पडलेला फोन हॉलमध्ये आणि वरणवाला स्वयंपाकघरात, कारण त्याला त्या जागेची सवय आहे. फोन सतत चार्जिंगला राहिला तर बॅटरी फुगते, म्हणून टायमरचे प्लग लावले. हलणारी वस्तू दिसली की चित्र माझ्या हातातल्या फोनवर येतं आणि पुण्यात जुईलाही दिसतं.

पहिल्या दिवसाचा हिशेब असा: चोर एकही नाही, मांजर भरपूर, आणि तुळस वाऱ्याने हलली की दर वेळी धोक्याची सूचना.

सुमित्राला फाटकाचं चित्र दाखवलं. ती म्हणाली, "अगदी छान आलंय हो." मग माझ्या लक्षात आलं की फोन उलटा बसलाय आणि मिश्राजींचं घर डोक्यावर उभं आहे. तंत्रज्ञानात तिला रस नाही, पण माझं मन राखते, हे काय कमी आहे?

जुईचाही निरोप आला. "अंगणातला कॅमेरा थोडा आतल्या बाजूला वळवा ना, तुम्ही दोघं चहाला बसता तिकडे." मी कळवलं की चोर चहाच्या टेबलाकडून येत नसतात. पण वळवला. मुलीला तांत्रिक शंका असेल तर दूर केलेली बरी.

१६ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे. सुमित्राने आपणहून विचारलं, "अहो, फाटकात कोण आलंय ते तुमचा तो फोन बोलून नाही का सांगू शकणार? म्हणजे मला उठून बघायला नको."

मला इतका आनंद झाला की मी चहा अर्धा टाकून उठलो. बायकोने माझ्या कामात रस घेण्याची ही लग्नानंतरची दुसरी वेळ. पहिली वेळ इस्त्री बिघडली तेव्हाची.

चेहरा ओळखून नाव सांगणं त्या म्हाताऱ्या फोनला झेपेना. मग मी साधी युक्ती केली. फाटकात कोणी आलं की फोन माझ्या आवाजात म्हणतो, "नमस्ते. कृपया अपना नाम बताइए." माणूस नाव सांगतो आणि ते स्वयंपाकघरातल्या वरणवाल्यातून जसंच्या तसं ऐकू येतं.

दूधवाला दचकून दोन पावलं मागे गेला. "अरे पिंपलजी, मैं ही तो हूँ! रोज़ वाला!" पिंपळखुटे हे मराठी आडनाव त्याच्या हिंदी जिभेला ह्या जन्मी जमणार नाही. कामाला येणाऱ्या रेवतीने मात्र फोनसमोर उभं राहून पदर सारखा केला आणि आपलं नाव, नवऱ्याचं नाव, मोहल्ला, सगळं सांगितलं.

दिवसभर आत बसून सुमित्रा एकेकाला नावाने हाका मारत होती. "ये गं रेवती." "आओ भैया, बर्तन यहीं रखा है." किती खूश होती!

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मोदकांच्या कळ्या यंदा जरा ओबडधोबड आल्या. दरवर्षी सुमित्राच्या मोदकाची कळी अशी असते की खाताना जिवावर येतं. मी थट्टा केली, "ह्या वर्षी मोदक आहेत की बटाटेवडे?" ती हसली आणि म्हणाली, "हात थकले आता." मी सहा खाल्ले. चवीत काही फरक नव्हता.

हल्ली तिला एक नवी आवड लागलीये. सकाळी पेपर मी मोठ्याने वाचायचा. म्हणते, "तुमच्या तोंडून ऐकलं की बातमी नीट कळते." मी वाचताना मध्ये मध्ये माझं मतही घालतो. पूर्वी ती अशा वेळी उठून जायची. आता पूर्ण ऐकते, अगदी निधनवार्तांसकट.

४ सप्टेंबर, गुरुवार

लाईटवरून भांडण. मी स्वयंपाकघरात वायफायचा बल्ब लावून तो वरणवाल्याला जोडलाय. फोनला उजेड कळतो. खिडकीतून पुरेसा उजेड आला की बल्ब आपोआप बंद. विजेची नासाडी मला बघवत नाही आणि सुमित्रा हल्ली भर दुपारी दिवे लावून ठेवते.

आज पोळ्या करताना बल्ब विझला. ती ओरडली, "अहो, लाईट!" मी म्हटलं, बाहेर लख्ख ऊन आहे. ती म्हणाली, "असेल. मला अंधारतं." तवा उतरवायला गेली आणि बोटांना चटका बसला. मला फार वाईट वाटलं. बल्बला लगेच त्या बंधनातून मोकळं केलं. मग तीच म्हणाली, एवढं करताय तर जिन्यातला दिवाही दिवसभर राहू द्या. आणि दूध वर यायच्या आधी फोनने ओरडावं, असंही काही करता येईल का?

दुधाचं जमलं. गॅसवर पातेलं ठेवताना तिने फक्त "दूध" म्हणायचं. मग थोड्या वेळाने वरणवाला माझ्या आवाजात "सुमित्रा, दूध, दूध, दूध!" असा टाहो फोडतो. पहिल्यांदा ऐकून तिला हसू आवरेना. म्हणाली, "जन्मात कधी दुधाकडे लक्ष दिलं नाहीत, आता कसे ओरडताय!"

एकेक मागणी बघता ती माझ्याहून मोठी इंजिनियर निघणार असं दिसतंय. आम्ही घरात असलं काही बोलायला लागू असं वाटलं नव्हतं. ह्या वयात नव्याने सूर जुळतोय, असं लिहायला मला लाज वाटत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

सूर जुळतोय असं लिहिलं आणि लगेच हे.

मी बँकेतून परत आलो तर सुमित्रा घरी नव्हती. फाटकावरचं चित्र मागे जाऊन पाहिलं. दुपारी शेजारची अश्विनी आली, सुमित्राचा हात धरून तिला रिक्षात बसवलं आणि दोघी गेल्या. उशिरा परतल्या. सुमित्राच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता, पूर्वी कधी न पाहिलेला. फाटकाशी अश्विनी म्हणाली, "काकू, काकांना सांगा ना आता." आणि सुमित्रा म्हणाली, "दिवाळी होऊ दे गं. तोवर एक अक्षर बोलू नकोस." फोनने सगळं स्वच्छ टिपलंय.

मी विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, न्यू मार्केटला, साड्या बघायला. पिशवी एकही नव्हती. चष्म्याचं विचारलं तर म्हणाली, ऊन फार लागतं.

अश्विनीचा नवरा अक्षय घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. दिवाळीपर्यंत एक अक्षर नाही म्हणजे काय, हे कळायला फार अक्कल लागत नाही. सुमित्रा घराची किंमत काढतेय. तिला पुण्याला जायचंय, आणि मला दुखवायचं नाही म्हणून पैजेचा निकाल लागेपर्यंत थांबलीये.

चोर पकडायला कॅमेरा लावला आणि बायकोचं मन पकडलं. हे मला नको होतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

कारखान्यात आज विश्वकर्मा पूजा असते, त्याची आठवण आली. दुपारपासून फाटकाचं चित्र लालपिवळं दिसायला लागलं. कोणीतरी मुद्दाम रंग फासला असं वाटून मी काठी घेऊन बाहेर पळालो. पाहतो तर लेन्सवर हळदकुंकू! सुमित्राचं काम. "यंत्राचा दिवस ना आज, म्हणून कोपऱ्यात टिकली लावली." कोपरा कसला, बरोब्बर डोळ्यात लावली होती. पुसली. रागवावंसं वाटलं नाही. फोनची पूजा करणारी बाई घर विकायला निघेल का?

अश्विनीबद्दल विचारायचं रोज ठरवतो. पण तिने "हो" म्हटलं तर पुढे काय बोलायचं ते मला सुचत नाही, म्हणून नुसता पेपर वाचून दाखवतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज जुई फोनवर विचित्र बोलली. "बाबा, आई अंगणात भिंतीला हात लावून का चालते?" मी सांगितलं की भिंतीला नवा रंग दिलाय, गुळगुळीत आहे, तिला आवडत असेल. ती नुसतं 'बरं' म्हणाली. मग म्हणाली, "आणि तुम्ही दोघं भांडलात का? चहाला बसता तेव्हा बोलत नाही." मी विषय बदलला. कॅमेरा आत वळवायलाच नको होता.

१ ऑक्टोबर, बुधवार, दुपार

खंडेनवमी. आमच्याकडे हा दिवस मोठा. माझ्या वडिलांपासूनची रीत आहे. घरातली सगळी अवजारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांचा. सुमित्रा ह्या बाबतीत माझ्याहून कडक. एका वर्षी मी पूजेनंतर पक्कड उचलली तर दिवसभर बोलली नव्हती.

पाने, स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर, विळी, कात्री सगळं मांडलं. मग वाटलं, यंदा सगळ्यात जास्त राबलं कोण? पाचही फोन उतरवले, बंद केले, पुसले आणि मधोमध ठेवले.

सुमित्रा म्हणाली, "त्यांना राहू द्या ना जागेवर."

मी चकित झालो. "तूच म्हणतेस हे?"

"फाटकावरचा तरी ठेवा. आणि स्वयंपाकघरातला."

मी म्हटलं, रीत म्हणजे रीत. भर दिवसा, आपण दोघं घरात असताना कोण येतंय? तिने फुलांची परडी उचलली. फुलं मात्र तिने पाटाबाहेरच वाहिली, मी ती सारखी केली.

संध्याकाळ

जुई आली आहे. न कळवता आली.

मी देवापाशी होतो. बाहेरून सुमित्राचा आवाज आला, आपण परक्या माणसाशी बोलतो तसा. "कौन? किससे मिलना है आपको?" तिने पुन्हा विचारलं, "जी, कौन चाहिए?"

मी उठून दारात गेलो. फाटक उघडं होतं. अंगणात ऊन होतं आणि जुई पिशवी धरून सुमित्रापासून चार हातांवर उभी होती. चार हातांवर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती आईकडे बघत होती. आणि सुमित्रा तिच्याकडे तोंड करून, ओळखीची काहीच खूण न दाखवता, सभ्यपणे थांबली होती.

"आई," जुई म्हणाली. "मी आहे."

सुमित्राचा हात तोंडाशी गेला. "अगं बाई. जुई! उन्हाचं दिसलं नाही गं."

ऊन सुमित्राच्या पाठीमागे होतं.

मी कुठे बसलो, किती वेळ बसलो, आठवत नाही. तांदूळ, मोदक, चटका, काळा चष्मा, पेपर. एकामागून एक सगळं माझ्यासमोर येत राहिलं. घरात मी पाच ठिकाणी डोळे लावले आणि हिचे दोन जात चालले होते ते मला दिसलं नाही.

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगलाच वाढलेला. अश्विनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, अक्षयचा त्यात काही संबंध नव्हता. ऑपरेशनने बरं होतं असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं.

"मग थांबलीस कशाला?" मी ओरडलोच.

ती म्हणाली, "जुईला कळलं असतं तर तिने आपल्याला उचलून नेलं असतं. तुमची पैज होती ना दिवाळीपर्यंत. तेवढे दिवस काढत होते. फोनांमुळे निभत होतं की."

मी आत जाऊन पाटावरचे फोन उचलायला लागलो. तर सुमित्रा म्हणते, "हात लावू नका. उद्या सकाळपर्यंत नाही."

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सकाळी मी पहिलं काम केलं ते म्हणजे जुईला सांगितलं की पैज मी हरलो. तू फाटकातून आलीस आणि घराला कळलं नाही. दिवाळीनंतर घर काढू, पुण्याला येऊ. हे मी मनापासून बोललो. जिच्यासाठी घर बांधलं तिलाच ते दिसत नसेल तर भिंतींना पाणी मारल्याच्या गोष्टी काय सांगत बसायच्या?

जुई म्हणाली, "मी पैजेसाठी नाही आले, बाबा. तुम्ही रोज फाटक बघत होता, मी आईला बघत होते. आणि काल सकाळी पाचही कॅमेरे एकदम बंद! फोन केला तर तुम्ही उचलला नाही."

माझा हातातला फोनही मी पाटावर ठेवला होता. अवजारच ते.

"विमानात बसल्या बसल्या काय काय वाटून गेलं मला," ती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

मग सुमित्रा बोलली. तिला इतकं ठामपणे बोलताना मी क्वचित ऐकलंय. "मला कोणी विचारणार आहे की नाही? ह्या घरात मी न बघता चालू शकते. कुठे उंबरा आहे, कुठे पायरी आहे, माझ्या पायांना माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस कोणाला कळलं नाही. तुझ्या फ्लॅटमध्ये मी भिंत कुठे शोधू गं? ऑपरेशन मी इथेच करणार. आणि पैज ते हरलेले नाहीत."

"आई, मी घरात शिरले ना! कोणाला कळलं?"

"खंडेनवमी धरायची नाही. त्या दिवशी सगळ्यांना सुटी असते."

जुई रडता रडता हसायला लागली. मी आतापर्यंत समजत होतो की सुमित्राला जायचंय, आणि ती माझं घर वाचवायला अंधारात पोळ्या लाटत होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि तिचा हात धरला. जुईसमोर असं कधी केलं नव्हतं. सुमित्राने हात काढून घेतला नाही.

संध्याकाळी आपट्याची पानं वाटताना जुई म्हणाली, "दिवाळीपर्यंत मी इथून काम करते. निकाल मग सांगेन."

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा दिवाळीनंतर. बाहेर बाकावर मी आणि जुई बसलो होतो. मी कारखान्यात मोठमोठे ट्रान्सफॉर्मर उघडे पडलेले पाहिलेत, कधी घाबरलो नाही. काल चहाचा कप हातातच निवत राहिला. जुईने तो काढून घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला.

आज पट्टी निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "क्या दिख रहा है, माताजी?" सुमित्राने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "इन्होंने शर्ट उल्टा पहना है."

खरंच उलटा होता. कालपासून.

घरी आलो. फाटकात फोन म्हणाला, "नमस्ते. कृपया अपना नाम बताइए." सुमित्रा थांबली, त्याच्या तडकलेल्या काचेकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "तुझी मालकीण." मग आत शिरली आणि पुढच्या मिनिटाला सुरुवात झाली. "अहो, ही जाळी केवढी! रेवती झाडते का नुसती हात फिरवते? आणि भिंतीला हा रंग कोणी पसंत केला?"

रंग तिनेच पसंत केला होता. मी म्हटलं, मी. एवढं खोटं चालतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. जुईचा नवरा प्रतीकही आला आहे, घर भरलंय. आम्ही पणत्या लावत असताना आठ वाजले आणि फाटकावरचा फोन वाजायला लागला. रोज मी जाऊन बंद करतो, आज हातांना तेल होतं म्हणून जुई गेली. तडकलेल्या काचेवर 'घरी फोन करणे' वाचून ती तशीच उभी राहिली. मला म्हणाली, "बाबा, हे अजून आहे?" मी म्हटलं, काढायचं राहून गेलं.

तिने फाटकातूनच स्वतःचा फोन काढून मला लावला. मी व्हरांड्यात, ती दहा पावलांवर.

"हॅलो बाबा, जेवलात का?"

"नाही अजून. तू?"

"आईच्या हातची पुरणपोळी आहे आज. जेवते आता."

कोणी फोन ठेवेना. शेवटी सुमित्राने आतून ओरडून दोघांना बोलावलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

जुई आणि प्रतीक सकाळी गेले. निकालाचं तिने काही काढलं नव्हतं आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. बॅगा घेऊन फाटकाशी पोचले तर फोन बोलला, "नमस्ते. कृपया अपना नाम बताइए." तो जाणाऱ्यालाही नाव विचारतो, हा दोष मी अजून काढलेला नाही.

जुई त्याच्यासमोर उभी राहिली. "जुई. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा येणार आहे. त्या दिवशी मला फाटक आईने उघडायचं." मग रिक्षात बसली. पुण्याचं नाव काही काढलं नाही.

सुमित्रा फाटकाला हात न लावता कितीतरी वेळ वळणापर्यंत बघत उभी होती. वळणापर्यंतचं तिला आता दिसतं.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. मी फोनांचे प्लग तपासले. अंगणातला कॅमेरा परत बाहेर वळवू का असं विचारलं तर जुईचा लगेच निरोप आला, आहे तसाच ठेवा, मला त्याची क्वालिटी रोज तपासायची आहे. कामाच्या बाबतीत पोरगी काटेकोर, माझ्यावर गेली आहे.

चहा झाला. सुमित्राने चष्मा लावला, पेपर उचलला, पहिलं पान उघडलं. मी समोर बसून होतो. तिने मथळा मनातल्या मनात वाचला, ओठ हलताना मला दिसले. मला बरं वाटलं, आणि खरं लिहायचं तर थोडं वाईटही वाटलं. इतके दिवस माझं मत ऐकून घेणारं माणूस मिळालं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. पेपर घडी करून माझ्या हातात दिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "अगं, दिसतंय ना आता?"

"दिसतंय की," ती म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. "वाचा."